दोन भाऊ, एक विक्रांत आणि आमचं टेबल

आमची इमारत आणि माझगावच्या माथारपाखाडीतला आंटीचा बंगला यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे. ती कुणाची, हे आजवर ठरलेलं नाही. ठरत नाही म्हणून दोघांचीही आहे. उन्हाळ्यात तिच्या बाजूला बॉटल मसाल्याच्या मिरच्या वाळतात, आमच्या बाजूला गोधड्या. पावसाळ्यात वाळत काहीच नाही, त्यामुळे तेव्हा भिंतीचा उपयोग कोपरं टेकायला.

त्या दिवशी आषाढ वद्य षष्ठी होती. तिथी लक्षात राहायचं कारण पुढे येईलच. दुपारी पाऊस जरा थांबला होता आणि मी नातवाची वही घेऊन भिंतीशी उभी होते. शाळेने काम दिलं होतं : ‘आपल्या परिसरातील संग्रहालयास भेट द्या व तेथील सागरी जीवनाविषयी तीनशे शब्दांत माहिती लिहा.’ नातवाचा हिशेब साधा. संग्रहालय म्हणजे राणीबाग, कारण तिथे पेंग्विन आहेत आणि पेंग्विन समुद्रात असतात. झाले तीनशे शब्द.

“पेंग्विन काय माजगावचे हाय?” आंटी म्हणाली. “आमच्या गावात समुद्राचा म्युझियम नाय म्हणजे काय! होतो ना विक्रांत.”

“होतं,” वरच्या गॅलरीतून नाना म्हणाले. आमच्या इमारतीत भिंतीवरच्या गप्पांना पहिल्या मजल्याची सभासदी आपोआप मिळते. नाना माझगाव गोदीत फिटर होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण भोंग्याच्या वेळेला अजून घड्याळाकडे बघतात. ते चहाचा कप घेऊन खालीच उतरले.

विक्रांतची गोष्ट नानांना सांगू द्यायची नसते, कारण मग स्वयंपाक राहतो. थोडक्यात अशी : १९६१ साली नौदलात आलेली ती विमानवाहू बोट १९९७ मध्ये निवृत्त झाली. मग काही वर्षं मुंबईच्या बंदरात तरंगतं संग्रहालय म्हणून उभी होती. शाळांच्या सहली जायच्या, आमचा मुलगा जाऊन आला होता. २०१२ मध्ये ती धोकादायक झाली म्हणून बंद केली, २०१४ मध्ये भंगारात विकली. आणि तोडायला कुठे आणली? दारूखान्यात. म्हणजे आमच्याच दारात. अख्ख्या देशातून लोक जे संग्रहालय बघायला येत होते ते माझगावात आलं ते तुकडे व्हायला. नाना रोज संध्याकाळी चालत जायचे आणि ती किती उरली ते सांगायचे, आजाऱ्याची तब्येत सांगतात तसं.

“माझ्याकडे तिचा नट आहे,” नाना म्हणाले आणि किल्ल्यांचा जुडगा काढून दाखवला. अंगठ्याएवढा, गंजून तांबूस झालेला.

आता हे मी नातवाला हळूच सांगितलं ते इथेही सांगते. विक्रांतचा नट माझगावात घरटी एक आहे. सगळे गोळा केले तर तीन विक्रांत उभ्या राहतील. तिच्या लोखंडातून पुढे मोटारसायकली निघाल्या, ते खरं आहे, जाहिरातीच होत्या. पण नानांचा नट विक्रांतचा की एखाद्या रशियन मालवाहू बोटीचा, हे दारूखान्यातला देवही सांगणार नाही. नानांना मात्र हे बोलायचं नाही.

“गोदीत आहे की संग्रहालय,” नाना म्हणाले. “‘धरोहर’. आमचा सगळा इतिहास आहे त्यात. १७७४ ची लहानशी सुकी गोदी, तिथपासून. १९६० साली सरकारने घेतली. ‘निलगिरी’ तिथेच बांधली, देशात बांधलेली पहिली फ्रिगेट. १९६८ मध्ये ती पाण्यात सोडायला इंदिरा गांधी आल्या होत्या. आमचे वडील गर्दीत उभे होते, त्यांना फक्त छत्री दिसली.”

“कुणाची?”

“ते विचारायचं राहिलं.”

एवढ्यात फाटकातून कोळीण मावशी आली. जून-जुलै, एकसष्ट दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. १ ऑगस्टपर्यंत ओलं मिळणार ते खाडीतलं किंवा बर्फातलं, आणि मावशीला बर्फातलं विकायची लाज वाटते. त्यामुळे या दोन महिन्यांत तिच्या टोपलीत सुकट, बोंबील, वाकट्या आणि अंबाडी सुकट. तिने टोपली भिंतीवर ठेवली, प्लास्टिक बाजूला सारलं आणि त्या वासाने आमची बैठक खरी सुरू झाली.

“कोनचा म्युझियम?” तिने विचारलं. सांगितलं. गोदीचं संग्रहालय, त्यात युद्धनौका, पाणबुड्या.

“पानबुडीची नावं सांग रे तिला,” नाना नातवाला म्हणाले. पोराला ती पाठ. कलवरी, खांदेरी, करंज, वेला, वागीर, वागशीर. “कलवरी म्हणजे मल्याळममध्ये टायगर शार्क,” नानांनी जोडलं. “२०१७ च्या डिसेंबरात नौदलात गेली. आपल्या गोदीतून.”

“म्हंजे मोरी,” मावशी म्हणाली. “मोरी म्हना की सरळ. आनि खांदेरी आमचीच. तिथं आमचा वेताळ हाय.” तिने तिथल्या तिथे हात जोडले. खांदेरी म्हणजे थळजवळचं बेट. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तिथे किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघंही चवताळले, आणि मराठ्यांच्या छोट्या होड्यांनी त्यांच्या मोठ्या जहाजांना जेरीस आणलं. कोळी अजून वेताळाला मानून पुढे जातात. बोटीवर निघालेल्या माणसाला नौदलाच्या पाणबुडीचं नाव ऐकून काही वाटत नाही, वेताळाचं ऐकून वाटतं.

मला त्या क्षणी एक गंमत वाटली. माझगावचं नाव मच्छग्रामवरून, म्हणजे मासळीच्या गावावरून आलं असं म्हणतात. आणि त्या गावातली गोदी आज लोखंडाचे मासे बनवते आणि त्यांतल्या काहींना माशांचीच नावं असतात. मी हे बोलून दाखवलं तर आंटीला पटलं नाही.

“मच्छग्राम काय नाय. माजा गाव, माजगाव. बस.”

“असं कसं आंटी, पोर्तुगीज यायच्या आधी—”

“पोर्तुगीज आले तेव्हा कोन होता इथं? आमीच. ते काय आमच्या गावाला नाव देनार!”

हा वाद दरवर्षी होतो आणि दरवर्षी आंटी जिंकते, कारण ती भिंतीच्या खऱ्या मालकिणीसारखी बोलते. मला विचाराल तर मी मच्छग्रामच्या बाजूने. घरात वास येतो तो पुरावा.

भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा विषय मी काढला. राणीबागेतच आहे, पेंग्विनचाही प्रश्न सुटेल. १८७२ पासूनचं, मुंबईतलं सगळ्यात जुनं. मातीच्या छोट्या माणसांमधून मुंबईतले धंदे आणि पेहराव दाखवलेत, आणि बाहेर बागेत घारापुरीचा दगडी हत्ती. त्या हत्तीची गोष्ट समुद्राचीच आहे. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला उचलला तर साखळी तुटून त्याचे तुकडे झाले. मग ते तुकडे इथेच राहिले आणि जोडून उभे केले.

“हां, भाऊंचं,” नातू म्हणाला. “म्हणजे त्यांनीच भाऊचा धक्का बांधला ना?”

नानांनी कप खाली ठेवला. पोराची चूक नाही म्हणा. घरापासून दहा मिनिटांवर एक भाऊ आणि वीस मिनिटांवर दुसरा. पण नानांना इतिहासातली अशी सरमिसळ सहन होत नाही. धक्क्याचे भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, पाठारे प्रभू, एकोणिसाव्या शतकात त्यांनी पदरचा पैसा घालून प्रवाशांसाठी धक्का बांधला. लोक त्यांना भाऊ म्हणायचे. संग्रहालयाचे भाऊ म्हणजे डॉक्टर भाऊ दाजी लाड, गोव्याकडचे, विद्वान, १८७४ मध्ये गेले. एकाचा बोटीशी संबंध, दुसऱ्याचा शिलालेखांशी. “आणि जुना धक्का आता आहे तिथे नव्हता,” नाना म्हणाले. “गोद्या झाल्या, भराव पडले, धक्का सरकत इकडे आला. भाऊंचं नाव तेवढं सामानाबरोबर आणलं.”

“आता तिथून रो-रो जाते,” नातू म्हणाला. मांडव्याला, गाडीसकट. २०२० मध्ये सुरू झाली. त्याला धक्का म्हणजे तेवढंच माहीत. पहाटे चारला तिथे लिलाव लागतो, बर्फाच्या पाट्या, हातगाड्या, ओली जमीन, त्यातून वाट काढत टोपल्या नेणाऱ्या बायका, ते त्याने पाहिलेलं नाही. तो त्या वेळी झोपलेला असतो. मी पाहिलंय ते सुरमई घ्यायला गेले तेव्हा, आणि दोनदा पाय घसरला.

मावशी सुकटाचं माप करता करता गप्प झाली होती. मग म्हणाली, “धक्क्यावरून रामदास सुटली ती पन लिव.”

तिचं माहेर रेवस. आमच्याकडे गटारी म्हटलं की कोंबडी आठवते, तिला रामदास आठवते. १७ जुलै १९४७, गुरुवार. देश स्वतंत्र व्हायला महिना राहिलेला. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली बोट, आषाढी अमावास्येला घरी जाणारी चाकरमानी माणसं, खच्चून भरलेली. काशाच्या खडकाजवळ एका मोठ्या लाटेने ती कलंडली आणि पाण्याखाली गेली. सहाशेंहून जास्त माणसं गेली. शहराला कळायलाच संध्याकाळ झाली, कारण बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं.

“आमच्या रेवसचे मचवे मुंबईला म्हावरा घेऊन येत होते,” मावशी म्हणाली. “मानसं दिसली पान्यात. म्हावरा टाकला सगळा समुद्रात, आनि मानसं भरली. आमचा आज्जा होता त्यात. घरी आला तर आजीनं विचारलं, म्हावऱ्याचं पैसं कुठं? तो काय बोलला नाय. दोन दिस काय बोलला नाय.”

कुणीच काही बोललं नाही. आंटीने भिंतीवरचं पाणी उगाच हाताने निपटलं.

वातावरण हलकं करायला आंटीने मडमेचा विषय काढला. हा तिचा राखीव विषय आहे. भंडारवाड्याच्या टेकडीवर एक बंगला होता, बेल्व्हेडियर. त्यात कंपनी सरकारच्या एका बड्या अधिकाऱ्याची बायको राहायची, एलायझा ड्रेपर. विलायतेतला प्रसिद्ध लेखक लॉरेन्स स्टर्न तिच्यावर इतका लुब्ध झाला होता की तिला लिहिलेली पत्रं पुढे छापली गेली. नवऱ्याशी पटत नव्हतं. १७७३ च्या जानेवारीत एका रात्री बाई घर सोडून गेली. म्हणतात, खिडकीतून दोर सोडून खाली उतरली, खाली होडी उभी होती, आणि आरमारातल्या एका साहेबाच्या जहाजावर जाऊन बसली.

“खिडकीखाली होडी!” आंटी म्हणाली, जणू कालच शेजारच्या वाडीत घडलंय. “म्हंजे पानी कुठवर होता बघ.”

हे मात्र खरं. टेकडीच्या पायथ्याशी पाणी होतं. माझगाव हे एक वेगळं बेट होतं, पलीकडच्या मुंबईत जायचं तर खाडी. ती उमरखाडी. आता तिथे इमारती आहेत आणि नावात तेवढी खाडी उरली. खाडी ओलांडून चिखलाचे पाय धुवायचे ती पायधुणी. मी नातवाला म्हटलं, हे लिही, पायधुणीचं तिकीट लागत नाही. त्याने लिहिलं नाही. बसच्या पाटीवर वाचायची नावं संग्रहालयात कशी जातील, असा त्याचा चेहरा होता.

गंमत अशी की माझगावात राहून आता समुद्र दिसत नाही. रेल्वे, पी. डिमेलो रस्ता, पोर्टाच्या भिंती, गोदामं. समुद्र बघायचा तर बाप्टिस्टा बागेत चढायचं, तिथून गोदीच्या क्रेन आणि त्यांच्यामधून पाण्याची एक पट्टी. ती बाग म्हणजे जुन्या माझगावच्या किल्ल्याची जागा. किल्ला सिद्दी याकूतखानाने धुळीस मिळवला. १६८९ मध्ये तो शिवडीला उतरला आणि वर्षभर मुंबईतून हललाच नाही.

“पण पुन्हा आला तेव्हा कोळ्यांनी हाकलला,” नाना म्हणाले. “१६९२. मुंबईत साथ होती, गोरे शिपाई मेले होते. रुस्तुम दोराब नावाच्या पारशाने कोळ्यांना गोळा केलं आणि सिद्दीला पिटाळलं. म्हणून कंपनीने त्याला कोळ्यांची पाटीलकी दिली. घराण्याचं आडनावच पटेल झालं.”

मावशीने बोंबलांची जुडी खाली ठेवली. “लढले आमचे, नि पाटील झाला पारशी?”

नाना काही बोलले नाहीत. सव्वातीनशे वर्षांनी प्रश्न विचारला गेला, पण विचारला तर खरा.

आंटीने मध्येच नवाब टँकच्या पुलाजवळच्या चिनी देवळाची आठवण करून दिली. कँटनकडचे जहाजी माझगावात उतरायचे, राहायचे, त्यांनी १९१९ मध्ये बांधलेलं. वरच्या मजल्यावर लाल चेहऱ्याचा दाढीदार देव. जहाजं गेली, माणसं पांगली, देव बसलेत. चिनी नववर्षाला तिथे गर्दी असते, आंटी दरवर्षी जाते. येशूला चालतं का, विचारलं तर म्हणते, दर्यावरच्या देवांचं आपसात ठरलेलं असतं.

तोवर नातवाने वहीत फक्त ‘१. गोदी’ एवढं लिहिलं होतं. मग नानांनी कल्पना काढली : आपणच संग्रहालय काढू. या भिंतीवर. प्रत्येकाने घरातली एक वस्तू आणायची.

इथून पुढे भांडणच. नाना नट देणार नाहीत, किल्ल्या हरवतील. आंटीकडे जाळं विणायची बांबूची सुई आहे, तिच्या आजोबांची. पण तिने आता पापड टोचतात, तीही देणार नाही. मावशीला विचारलं तर म्हणाली, जुन्या सुती जाळ्यांना ऐनाच्या सालीत उकळून रंग चढवायचं तांब्याचं हांडं घरी होतं, नायलॉन आलं तसं ते भंगारवाल्याला दिलं. “ते असतं तर दिलं असतं,” ती म्हणाली. नसलेल्या वस्तूचं दान सगळ्यात सोपं.

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

आमच्या घरात टेबल आहे. सासऱ्यांनी दारूखान्यातून घेतलेलं, कुठल्याशा तोडलेल्या बोटीच्या जेवणघरातलं. सागवानी, जड, चौघांनाही उचलत नाही. त्याच्या चारही कडांना बोटभर उंच पट्टी ठोकलेली आहे, बोट हलली तर ताटं घसरून पडू नयेत म्हणून. माझगावात ताटं घसरत नाहीत. पण पट्टीच्या आतल्या कोपऱ्यात पीठ अडकतं. तीस वर्षं मी रोज सुरीच्या टोकाने ते पीठ काढते आणि रोज त्या बोटीच्या सुताराच्या नावाने बोटं मोडते. एका पायाच्या तळाला भोक आहे, डेकला स्क्रूने बांधून ठेवायचं. सासूबाई त्यात उदबत्ती खोचायच्या.

“ते देणार नाही,” मी म्हटलं. “पोळ्या कुठे लाटू?”

“लिही रे,” नाना नातवाला म्हणाले. “वस्तू क्रमांक एक : टेबल. सध्याचा वापर : पोळ्या.”

आणि त्याने लिहिलं! विक्रांत, रामदास, रुस्तुम दोराब यातलं एक अक्षर वहीत उतरलं नव्हतं, पण टेबल उतरलं. धावत वर जाऊन त्याने पट्टीची उंची फूटपट्टीने मोजली. चार सेंटीमीटर. माझ्या बोटभराहून जास्त.

“भरती कधी हाय आज?” मावशीने त्याला खाली आल्यावर विचारलं. त्याने मोबाईल काढला. “मोबाईल नको. तिथी कोनची? षष्ठी. सहाला तिनाने गुन, चाराने भाग.”

“साडेचार.”

“झाली भरती. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. हे तुझ्या म्युझियममध्ये हाय?”

मोबाईलमध्ये पाच वाजायला काही मिनिटं कमी दाखवत होतं. मावशी म्हणाली, मोबाईल उशिरा उठतो. पण तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गटाराच्या जाळीतून पाणी वर येताना दिसलं. भरतीत समुद्र नाल्यांना आत घेत नाही, मग ते इकडे परत येतात. समुद्र दिसत नसला तरी तो असा आम्हाला भेटायला येतो, आणि अंगणात चप्पल बाहेर ठेवली असेल तर घेऊन जातो.

पाऊस पुन्हा सुरू झाला. मावशीने प्लास्टिक ओढलं, आंटीने आतून फळी आणली, नाना कप शोधायला लागले. नातवाने वही शर्टाखाली घातली.

“बोंबील किती लावलेत?” मी विचारलं.

“वहिनी, पोराच्या वस्तूसंग्रहालयात ठेवायचे तर फुकट घ्या,” मावशी टोपली डोक्यावर चढवत म्हणाली. “खायचे तर दोनशे.”

मी दोनशे दिले.